आटीची पट्टी

२ मार्च, सोमवार

नवी वही. जुनीत बरीच पानं कोरी आहेत, पण तिच्यात गेल्या वर्षीचं रडगाणं आहे आणि ते या कामाला लागायला नको. दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी हसले असते.

काम म्हणजे ग्रंथालयाची भिंत. नव्या इमारतीत शिरल्या शिरल्या समोर दोन दगडी खांब आहेत. त्यांच्यामधली जागा तीनशे एकसष्ट सेंटीमीटर, आणि तिथे माझं लाकूड बसणार. साठ-साठ सेंटीमीटर रुंदीचे चोवीस ठोकळे, सहा उभ्या रांगा, रांगेत चार. सगळे मिळून एकच मोठा फुगीर आकार, एका बाजूनं वळत वळत मोठा होत जाणारा. आर्किटेक्ट बाई त्याला शंख म्हणतात. मी हो म्हणते. तो पंपाच्या पोटाचा आकार आहे, अण्णांनी शंभर वेळा केलेला, पण पंप म्हटलं तर समितीचं तोंड उतरेल.

उद्घाटन अठ्ठावीसला. सव्वीसपर्यंत भिंत लागली नाही तर तिथे छापील पडदा टांगू, असं बाईंनी हसत हसत सांगितलं. बाई हसत हसत सांगतात तेच खरं असतं.

पंधरा ठोकळे झाले, नऊ बाकी. एवढं मोठं काम मला कुणी कधी दिलं नव्हतं. सेहेचाळीस वर्षांची झाले, पुन्हा कोण देणार?

५ मार्च, गुरुवार

मासिकातली बाई मुलाखतीला आली. बूट बाहेर काढू का विचारलं. कारखान्यात इतका भुसा की तिचेच मोजे खराब झाले असते.

‘तुमच्या घरात तीन पिढ्या पॅटर्नमेकर. तो वारसा तुमच्या कामात कुठे दिसतो?’

मी तयारच होते. ‘लाकूड त्यांचं, आकार माझे.’ तिनं ते लगेच लिहून घेतलं. ती गेल्यापासून मला लाज वाटते आहे.

काय माझं आहे? पॅटर्न म्हणजे हव्या त्या वस्तूची लाकडी प्रत. ती रेतीत दाबायची, अलगद उचलायची, आणि उरलेल्या खळग्यात वितळलेला धातू ओतायचा. रेती न मोडता लाकूड निघावं म्हणून प्रत्येक बाजूला किंचित उतार द्यायचा. माझ्या प्रत्येक कामात तो उतार आहे. पातळ थर एकमेकांवर चिकटवायची रीत त्यांची. रंगसुद्धा त्यांचे. एका समीक्षकानं माझ्या लाल रंगावर दीड पान लिहिलं होतं, जखम काय, बाईपण काय. आमच्याकडे लाल म्हणजे धातू निघेल तसा ठेवायची बाजू, पिवळा म्हणजे पुढे मशीनवर जाणारी, आणि काळा म्हणजे आत पोकळी राहणार ती जागा. मी ते दीड पान चौकटीत घालून भिंतीवर लावलं. दुरुस्त मात्र केलं नाही.

बाईनं शेवटी विचारलं, ‘वडील काय म्हणतात तुमच्या कामाबद्दल?’

मी म्हटलं, ‘त्यांना अभिमान आहे.’ हे दुसरं खोटं. अण्णांनी माझ्या कामाला कधी चांगलं म्हटलं नाही. वाईटही म्हटलं नाही. तेवीस वर्षांपूर्वी पहिल्या प्रदर्शनाला आले, हात पाठीमागे बांधून सगळं फिरले, आणि मला म्हणाले, ‘ओतणार कधी?’ मग चहा प्यायला गेले. तेव्हापासून दर कामाला हाच टोमणा. लाकूड म्हणजे काम नव्हेच, ही त्यांच्या मनातली गोष्ट ते इतक्या थंडपणे सांगतात की भांडताही येत नाही. त्या प्रदर्शनानंतर आठवड्याभरात त्यांनी त्यांची साठ सेंटीमीटरची स्टीलची पट्टी मला देऊन टाकली. चुकल्याची ती त्यांची कबुली, असं मी धरून चालले. आज वरच्या खोलीत बसून ते दिवसभर खिडकीतून रस्ता बघतात. गुडघे गेले, चार वर्षांत जिना उतरलेले नाहीत.

तसे ते कुणालाच आधी काही बोलायचे नाहीत. लहानपणी मी बाकाखाली बसून भुशाचे डोंगर करायचे. तिथून त्यांचे पाय दिसत. फाउंड्रीतून ओतलेला माल परत आला की ते पाय थांबायचे. मालावर हातोडीनं एकदा टिचकी मारायची, आवाज ऐकायचा, आणि मग ‘बरं झालं’ किंवा ‘फसलं’. त्याआधी दोन महिने एक शब्द नाही. आई म्हणायची, या माणसाला बोलतं करायला भट्टी पेटवावी लागते.

१० मार्च, मंगळवार

आज मिस्त्रींनी चौकट आणली. ठोकळे ज्या चौकटीवर बसवायचे ती, जाड लाकडाची, वरून उघडी, छान काटकोनात. मिस्त्री साठीचे आहेत, बोलायला कमी, कामाला चोख. आम्ही चौकट जमिनीवर ठेवली आणि तयार असलेल्या तीन रांगा मांडल्या.

बसेनात. अर्ध्या चौकटीत तीन रांगा यायला हव्यात, तर जवळजवळ तीन सेंटीमीटर पुढे गेल्या.

पहिला विचार आला तो हवेचा. आठवडाभर दमट आहे, लाकूड फुगलं असणार.

‘ताई, थर आडवे-उभे चिकटवलेत. एवढं नाही फुगत,’ मिस्त्री म्हणाले.

मी पट्टी काढून एकेक ठोकळा मोजला. बरोबर साठ. केसाइतकाही फरक नाही. मग चौकट मोजली. तीनशे साठ हवी, ती तीनशे पंचावन्नही भरेना.

म्हणजे लाकूड निर्दोष. चौकटच तोकडी. जीव भांड्यात पडला, आणि लगेच मिस्त्रींचा राग आला.

११ मार्च, बुधवार

मिस्त्री त्यांचा टेप घेऊन आले. त्यांच्या टेपवर चौकट तीनशे साठ. मग पट्टी आणि टेप शेजारी शेजारी ठेवले. पट्टीवर साठ, तिथे टेपवर साठ आणि वर नऊ मिलिमीटर.

‘टेपचं हुक सैल झालं असेल,’ मी म्हटलं.

‘हुक दोन मिलिमीटर खोटं बोलेल, ताई. नऊ नाही बोलत.’

तेव्हा मी जरा तावातावानंच सांगितलं. अण्णांनी या पट्टीवर चाळीस वर्षं कामं केली, एक पॅटर्न मापासाठी परत आला नाही. आमच्या घरात मापाची चेष्टा चालत नाही. धातू थंड होताना आटतो, म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो. त्यासाठी वेगळी पट्टी असते, तिचा प्रत्येक सेंटीमीटर मुळातच जरा लांब. आटीची पट्टी. पितळेला वेगळी, लोखंडाला वेगळी. इतकी बारीक नजर असलेला माणूस चुकीची पट्टी बाळगेल का? आमची आटीची पट्टी लाकडी होती, पितळी टोकांची. कारखाना बंद झाला तेव्हा ती धाकट्यानं, माझ्या भावानं, आठवण म्हणून नेली.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. ‘नाचता येईना’ एवढंच पुटपुटले आणि टेप खिशात टाकला. म्हण पुरी करायची तसदी घेतली नाही.

१३ मार्च, शुक्रवार

मिस्त्री दुसरा टेप घेऊन आले. नवा कोरा. तोही पहिल्यासारखाच बोलतो.

‘एकाच कंपनीचे असतील,’ मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेतले गणिताचे सर आठवले. मग म्हणाले, ‘तुमचं काम, तुमची पट्टी. नवी चौकट तुमच्या पट्टीनं करून देतो. पण खांबांचं माप कुणी घेतलंय?’

‘नकाशात आहे. तीनशे एकसष्ट. आपण तीनशे साठ. एक सेंटीमीटर मोकळा.’

‘बरं,’ म्हणाले. त्यांचं ‘बरं’ मला आवडलं नाही.

१५ मार्च, रविवार

धाकट्याचा फोन. त्याची मुलगी वर्गात सगळ्यांत उंच झाली म्हणे. ‘आपल्याकडे कुणावर गेली?’ तो म्हणाला. ‘तू तर दारातल्या खुणांवर नेहमी बुटकी.’

छत्तीस वर्षं झाली तरी झोंबलं. दर वाढदिवसाला अण्णा आम्हाला कारखान्याच्या दाराशी उभं करायचे. डोक्यावर लाकडाचा तुकडा, पेन्सिलीची रेघ, आणि हातात असेल त्या पट्टीनं खालून वर माप. दहाव्या वर्षी शाळेत माझी उंची एकशे तीस भरली. मी पळत घरी आले. अण्णांनी मोजलं, एकशे अठ्ठावीस. मी रडले. आई म्हणाली, अहो नीट मोजा. अण्णा म्हणाले, ‘शाळेनं काहीही म्हणावं. माझ्या पट्टीवर एकशे अठ्ठावीसच.’ दर वर्षी तसंच, बाहेर मी जेवढी असायचे त्याहून घरी दोन सेंटीमीटर कमी. धाकटाही कमीच भरायचा, पण त्याला शाळेतली उंची कधी लक्षातच राहिली नाही. सुखी माणूस.

माझ्या कामात सगळं जरा जास्तच फुगवलेलं असतं, असं लोक म्हणतात. त्याचं मूळ या दारात असेल का? मासिकातल्या बाईला हे सांगायला हवं होतं. बरं झालं नाही सांगितलं.

१९ मार्च, गुरुवार

बसलं! नवी चौकट आली, चोवीसच्या चोवीस ठोकळे बसले. आकार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग धावतो. दोन्ही कडांना तो मागे वळून भिंतीत विरतो. त्या वळणांवर मी तीन आठवडे घालवले होते, ती वळणं बघून मी चक्क टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी वाजवल्या नाहीत.

फोटो काढून अण्णांना दाखवायला वर गेले. त्यांनी चष्मा पुसला, फोटो मोठा करून एकेक कड बघितली. ‘उतार बरोबर दिलास,’ म्हणाले. आणखी ऐकायला मी स्टूल ओढलं.

‘ओतणार कधी?’

मी खाली आले आणि एक तास उगाच झाडू मारला.

२१ मार्च, शनिवार

सकाळी दहाला मिस्त्रींचा फोन. मला न विचारता ते रिकामी चौकट घेऊन ग्रंथालयात गेले होते.

‘ताई, जात नाही. साडेचार सेंटीमीटर जास्त आहे.’

मी म्हटलं खांब चुकले असतील. हे मी खरंच म्हटलं. दगडी खांब! ते म्हणाले, ‘तुमच्या भावाकडची ती लाकडी पट्टी एकदा आणवून घ्या.’

धाकटा दुपारी आला. लाकडी पट्टी टेपशेजारी ठेवली. तंतोतंत. साठाला साठ. साधी, सरळ, शाळेत असते तशी पट्टी. आटीची ती, जी माझ्या हातात तेवीस वर्षं आहे. इतकी वर्षं कळलं कसं नाही? कारण माझं कुठलंच काम आजवर कशाच्या आत बसवायचं नव्हतं.

पट्टी घेऊन वर गेले.

‘अण्णा, ही कसली पट्टी?’

‘आटीची. पितळेची आट. हजाराला पंधरा.’ त्यांनी ती हातात घेऊन मूठ लागून गुळगुळीत झालेली जागा दाखवली. ‘इथे छाप होता. गेला.’

‘मला का दिलीत?’

‘तुझं पहिलं प्रदर्शन बघितलं ना. म्हटलं, एवढं नाजूक काम ही लोखंडात ओतणार नाही, पितळेतच ओतेल. आणि सगळं साध्या पट्टीनं केलेलं. ओतून आणल्यावर आटलेलं बघून रडत बसली असतीस.’

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. ‘अण्णा, मी कधी काहीच ओतलं नाही.’

‘जमलं नसेल. म्हणून तर विचारत असतो अधूनमधून.’

‘ओतायचं नव्हतंच. लाकूड हेच काम आहे. ते तसंच राहायचं.’

त्यांना हे समजायला वेळ लागला. म्हातारपणामुळे नव्हे. माझं बोलणंच त्यांच्या हिशेबात कुठे बसत नव्हतं. ‘म्हणजे ते झालेलं असतं? पूर्ण?’

‘पूर्ण.’

‘तेवीस वर्षं?’

‘हो.’

‘मग मी काही बघितलंच नाही की,’ ते म्हणाले. ‘मी रेतीतून निघेल का एवढंच बघत होतो. पॅटर्नला कुणी चांगलं-वाईट म्हणतं होय? माल निघाल्यावर बोलायचं. मी वाट बघत होतो.’

मला काय वाटलं ते लिहायचा तीनदा प्रयत्न केला. खोडलं. राग आला होता, एवढं खरं. त्यांच्यावर, माझ्यावर, आणि त्या दहा वर्षांच्या मुलीसाठी तर फारच. ती एकशे तीसच होती.

२२ मार्च, रविवार

धाकटा रात्री इथेच राहिला. सकाळी अण्णांनी दोघांना बोलावलं.

‘पितळेत ओत,’ म्हणाले. डोळे चमकत होते. ‘आटून बरोबर तीनशे साठ. मिलिमीटर इकडे-तिकडे नाही. त्याच पट्टीनं केलंयस.’

हे अक्षरशः खरं आहे. आर्किटेक्ट बाईंना फोन केला, सगळं सांगितलं. मला वाटलं त्या ओरडतील. त्या उलट खुलल्या. पितळ! समिती नाचेल म्हणाल्या. उद्घाटनाला पडदा टांगू, तीन महिन्यांनी पितळेचा शंख लावू, वरच्यांशी मी बोलते. आज पाचपर्यंत काय ते कळवा.

सुटकाच की. माझ्या चुकीला चूक म्हणायलाही नको. अण्णांना त्यांचा माल मिळेल, हातोडीची टिचकी मिळेल. लाकूडच ठेवायचं तर ठोकळे कापायचे, चार दिवसांत, आणि बिघडलं तर ना लाकूड ना पितळ.

तरी हो म्हणवेना. कारखान्यात जाऊन ठोकळ्यांमध्ये बसले. लहानपणी माल आला की तो गाडीत भरून जायचा आणि आम्हाला पुन्हा कधी दिसायचा नाही. कुठले पंप, कुठल्या गावाला, कुणास ठाऊक. मागे राहायचं ते लाकूड. अण्णा ते फडताळात ढकलून दार लावायचे, आणि मी दुपारी गुपचूप दार उघडून आत बसायचे. त्या लाल-काळ्या आकारांवरून हात फिरवायचे. त्यांचं काम झालं होतं म्हणून त्यांना कुणी विचारत नव्हतं, आणि मला तेच आवडायचे. माझं जे काही आहे ते त्या फडताळातून आलंय, पंपांतून नव्हे. हे मला आज कळलं असं नाही, पण असं सरळ मी स्वतःला कधी सांगितलं नव्हतं.

चारला बाईंना कळवलं, लाकूडच. ‘विचार करा,’ त्या म्हणाल्या. केला म्हटलं. मग वर जाऊन अण्णांना सांगितलं. ते अवघड होतं.

‘पितळ नको?’

‘नको, अण्णा. मला लाकूड आवडतं.’

त्यांचा चेहरा उतरला, तो मी पाहिला आणि तरीही शब्द मागे घेतला नाही. ते म्हणाले, ‘कापायचंच असेल तर नीट काप. मला खाली न्या.’

२३ मार्च, सोमवार

मिस्त्री आणि धाकट्यानं अण्णांना खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. मधल्या वळणावर खुर्ची अडली. ‘माप घेतलं नव्हतं का?’ अण्णा म्हणाले. हसायचं कुणाला सुचलं नाही.

मिस्त्रींची माफी मागितली. ‘दोन टेप आणले होते मी,’ ते म्हणाले. दिवसभरात हे वाक्य चार वेळा आलं. पाचव्यांदा मीच म्हटलं.

माझं मत होतं, प्रत्येक ठोकळ्याचे नऊ मिलिमीटर कापावेत. अण्णांनी मान हलवली. ‘मग प्रत्येक सांध्यावर आकार तुटेल. मधल्याला हात लावू नकोस. दोन्ही कडांनी पावणेतीन-पावणेतीन सेंटीमीटर घे.’

‘कडांचं वळण जाईल.’ तीन आठवडे. माझी लाडकी वळणं.

‘जाईल,’ ते म्हणाले.

त्यांनी लाकडी पट्टी मागून घेतली आणि आठ ठोकळ्यांवर स्वतः रेघ मारली. हात कापतो त्यांचा, पण पट्टीला टेकला की थांबतो. पहिला ठोकळा मिस्त्रींनी करवतीखाली धरला तेव्हा मी बाहेर जाऊन उभी राहिले. आवाज थांबल्यावर आत आले. वळणाची सालपटं जमिनीवर पडली होती आणि कडेला कोरं लाकूड दिसत होतं. बरं झालं की वाईट, ते मला खरंच सांगता येत नाही.

सहा झाले. दोन उद्या.

२६ मार्च, गुरुवार

लागली. मिस्त्रींचीच जुनी, पहिली चौकट. ती त्यांनी मोडली नव्हती, कोपऱ्यात झाकून ठेवली होती. विचारलं तर म्हणाले, ‘बरोबर वस्तू कशाला मोडायची?’

वर बसवायला सकाळी सात ते दुपारी तीन. खांब आणि लाकूड यांच्यामध्ये दोन्हीकडे अर्ध्या सेंटीमीटरचीच फट. कडा आता विरत नाहीत. आकार सरळ दगडात घुसतो, जणू खांबांच्या पलीकडेही तो आहे आणि आपल्याला मधलाच भाग दिसतो आहे. बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि ‘हम्’ म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, म्हणजे काय समजायचं?

पूर्वीची वळणं बरी होती का? राहून राहून तेच मनात येतं.

२८ मार्च, शनिवार

उद्घाटन झालं. भाषणं लांबली. लोक चांगलं बोलले. अशा वेळी लोक चांगलंच बोलतात.

अण्णांना चाकाच्या खुर्चीतून नेलं होतं. ते भिंतीसमोर बसून राहिले. मी आजूबाजूला घुटमळले, उगाच कुणाकुणाला पाणी दिलं. शेवटी राहवेना.

‘कसं आहे, अण्णा?’

‘आता नाही सांगता येणार.’

‘का?’

‘ही तुझी शेवटची वस्तू. मी पहिलीसुद्धा बघितलेली नाही.’

३० मार्च, सोमवार

काल अख्खा दिवस मी आणि धाकटा कारखान्याच्या मागच्या खोलीतून जुनी कामं बाहेर काढत होतो. माझ्याकडे उरलेली एकोणचाळीस. अण्णांचा हुकूम, क्रमानं लावा, पहिलं पहिल्यांदा. आणि एका दिवशी एकच. त्याहून जास्त नीट बघून होत नाही म्हणे. एका दिवशी एक म्हणजे ग्रंथालयाच्या भिंतीची पाळी मे महिन्यात. अण्णा ब्याऐंशीचे आहेत. हा हिशेब मी त्यांच्यासमोर केला नाही.

आज सकाळी त्यांना खाली आणलं. समोर टेबलावर तेविसाव्या वर्षी केलेलं पहिलं काम ठेवलं, हातभर लांब, लाल. मी दाराशी उभी राहिले. परीक्षेचा निकाल लागताना राहायचे तशी, नखं खात.

त्यांनी ते उचलून घेतलं. उलटं केलं. डोळे मिटून अंगठा सगळीकडून फिरवला. एका सांध्यावर थांबले, पुढे गेले, पुन्हा त्याच सांध्यावर आले. माझा चहा गार झाला. बाहेर कुणीतरी गाडी सुरू केली, बंद केली, परत सुरू केली. अर्धा तास तरी गेला असेल.

मग त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

‘फसलंय,’ अण्णा म्हणाले. ‘इथे घाई केलीस.’

बरोबर तिथेच केली होती. मी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसले आणि म्हटलं, ‘कुठे कुठे, दाखवा.’